किकॅडमध्ये एफ-८ दाबल्यावर मांडलेला बोर्ड विस्कटतो तेव्हा

"दादा, बोर्ड गेला." रात्री साडेअकराला एवढाच मेसेज आला आणि मागोमाग स्क्रीनचा फोटो. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाचा मुलगा, किकॅडमध्ये, म्हणजे सर्किट काढून त्याचा छापील बोर्ड आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये, दोन आठवडे खपून मांडलेला लेआउट. फोटोत तांबडे-निळे ट्रॅक जागच्या जागी होते, पण त्यांच्या टोकांना काहीच नव्हतं. एक रेझिस्टर नाही की कनेक्टर नाही. सगळे भाग बोर्डाच्या कडेबाहेर ढीग होऊन पडलेले आणि त्यांच्यावर रॅट्सनेस्टच्या, म्हणजे अजून न झालेल्या जोडण्या दाखवणाऱ्या, बारीक रेघांचं जाळं.

"काय केलंस?" म्हटलं.

"काहीच नाही. एका पानावर गर्दी झाली होती म्हणून तीन सब-शीट केली आणि सगळं कट-पेस्ट करून वाटून टाकलं. सर्किट तेच आहे. मग एफ-८ दाबला."

एफ-८ म्हणजे सर्किटच्या आकृतीतले, म्हणजे स्कीमॅटिकमधले, बदल बोर्डावर उतरवणारं बटण. सर्किट तेच होतं, हे खरं. तरीही किकॅडच्या लेखी त्याने जुने सगळे भाग काढून टाकले होते आणि नवे आणले होते. असं का, ते पुढे सांगतो. त्याआधी माझ्यावर बेतलेली गोष्ट, कारण ती याच दुखण्याची दुसरी बाजू आहे.

मला एफ-८ची भीती बसली होती. एकदा असाच बोर्ड विस्कटला, तेव्हापासून लेआउट पूर्ण झाला की मी त्या बटणाकडे फिरकत नसे. एका कामात एलएम २५९६ या रेग्युलेटर आयसीचा, म्हणजे व्होल्टेज ठरवता येणाऱ्या प्रकारचा, ५ व्होल्टचा सप्लाय होता. आउटपुटचं व्होल्टेज ठरवायला, म्हणजे फीडबॅकला, दोन रेझिस्टर: आउटपुटकडून ४.७ के, ग्राउंडकडे १.५ के. लेआउट झाला, डीआरसीत, म्हणजे बोर्डाच्या नियम-तपासणीत, शून्य चुका. मग स्कीमॅटिक बघताना नंबर ओबडधोबड वाटले, मधले काही गळलेले. म्हणून अ‍ॅनोटेट हे नंबर घालणारं साधन उघडून जुने नंबर पुसले आणि नव्याने घातले. वरचा रेझिस्टर आधी आर ८ होता तो आर ७ झाला, खालचा आर ७ होता तो आर ८ झाला. एफ-८ दाबला नाही. का दाबायचा, फक्त नंबर तर बदलले!

गर्बर, म्हणजे बोर्ड बनवणाऱ्याला द्यायच्या फाइल, निघाल्या लेआउटमधून, म्हणजे सिल्कस्क्रीनवर, बोर्डावरच्या छापील अक्षरांत, जुने नंबर. बीओएम, म्हणजे सामानाची यादी, निघाला स्कीमॅटिकमधून, म्हणजे नवे नंबर. बोर्ड आले, बुधवार पेठेतून सामान आणलं, बीओएम समोर ठेवून स्वतःच्या हाताने सोल्डर केलं. आर ७ला ४.७ के, आर ८ला १.५ के, कागदावर लिहिल्याप्रमाणे अगदी चोख. मीटर लावला तर १.६ व्होल्ट. आयसी बदलला, पुन्हा १.६. इंडक्टर बदलला, तेच. संध्याकाळी कधीतरी कागद घेऊन गणित केलं. या आयसीचा फीडबॅक संदर्भ १.२३ व्होल्ट, १.२३ गुणिले, १ अधिक ४.७ भागिले १.५, म्हणजे ५.०८. आणि रेझिस्टर उलटे केले तर १.६२. मीटर बिचारा दिवसभर खरंच बोलत होता.

म्हणजे एफ-८ दाबला तरी मार, न दाबला तरी मार. दोन्हींचं मूळ एकच आहे: किकॅड स्कीमॅटिकमधला सिंबॉल, म्हणजे भागाचं चिन्ह, आणि बोर्डावरचा फूटप्रिंट, म्हणजे भाग बसायची जागा, यांची सांगड कशावरून घालतं, हे आपल्याला कुणी सांगितलेलं नसतं.

आपण भागाला आर ७ म्हणतो. किकॅड आर ७ हे नाव फक्त हाक मारण्यापुरतं वापरतं. खरी ओळख म्हणजे प्रत्येक सिंबॉलला जन्मतःच मिळालेला ३२ अंकाक्षरांचा यूयूआयडी. सातबाऱ्यावर मालकाचं नाव बदलतं, गट नंबर तोच राहतो, तसं हे. बोर्डाची फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून बघा, फाइल बंद असताना आणि तिची प्रत काढून. प्रत्येक फूटप्रिंटच्या मजकुरात 'पाथ' नावाची एक ओळ सापडेल. मुख्य पानावरच्या भागाची असेल तर तिरपी रेघ आणि एक लांबलचक यूयूआयडी. सब-शीटमधल्या भागाची असेल तर दोन: आधी शीटचा, मग सिंबॉलचा. जुन्या आवृत्ती ५मधून आणलेल्या प्रोजेक्टमध्ये यूयूआयडीची सुरुवात शून्यांच्या रांगेने होते, कारण तेव्हा ओळख आठच आकड्यांची असायची आणि पुढे ती नव्या साच्यात बसवली गेली.

शीटचा यूयूआयडी कशाला हवा? समजा मोटर ड्रायव्हरचं एक शीट काढलं आणि ते दोनदा वापरलं, डाव्या आणि उजव्या मोटरसाठी. शीटच्या आतला सिंबॉल एकच आहे, पण बोर्डावर फूटप्रिंट दोन हवेत. त्या दोघांत फरक करायला शीटचा पत्ता लागतोच. हे सगळं बरोबरच आहे. पण याच रचनेमुळे मुख्य पानावरचा भाग सब-शीटमध्ये नेला की त्याचा पूर्ण पत्ता बदलतो. त्यातून पेस्ट करताना सिंबॉलला नवा यूयूआयडीही मिळतो. मग एफ-८ दाबल्यावर किकॅड बोर्डावरच्या जुन्या पत्त्यावर कुणाला शोधतं? तिथे कुणीच राहत नाही. 'स्कीमॅटिकमध्ये सिंबॉल नसलेले फूटप्रिंट काढा' या अर्थाच्या चौकटीत खूण असेल तर जुने फूटप्रिंट उडतात आणि नव्या पत्त्यांसाठी नवे येऊन ढिगात पडतात. खूण नसेल तर जुने जागेवर राहतात आणि नवे वरून येतात, म्हणजे दोन-दोन आर ७. त्या मुलाच्या बाबतीत खूण होती.

तर आता दुरुस्ती. बोर्ड विस्कटलेला दिसला की पहिली गोष्ट म्हणजे सेव्ह करू नका. कंट्रोल-झेड चालतो, अख्खा एफ-८ मागे जातो. सेव्ह करून बंदच केलं असेल, तर प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये प्रोजेक्टचं नाव आणि 'बॅकअप्स' असं लिहिलेलं फोल्डर बघा. आवृत्ती ६पासून किकॅड तिथे तारीख-वेळेसह झिप करून ठेवतं. सेटिंगमध्ये कुणी ते बंद केलं नसेल तर त्यातली विस्कटण्यापूर्वीची बोर्ड फाइल काढता येते. फक्त बोर्डाची काढा, स्कीमॅटिक नवंच राहू द्या.

आता जुना, नीट मांडलेला बोर्ड आणि नवं, वाटून टाकलेलं स्कीमॅटिक असे दोघे समोर आहेत. पत्ते जुळत नाहीत, पण नावं जुळतात: आर ७ इथेही आर ७, तिथेही आर ७. जुळतात ना, हे मात्र आधी खात्रीने बघा. पेस्ट करताना किंवा नंतर अ‍ॅनोटेटने नंबर बदलले असतील तर इथेच थांबा, त्याबद्दल खाली लिहिलंय.

नावं जुळत असतील तर एफ-८चा डायलॉग उघडा. त्यात 'री-लिंक फूटप्रिंट्स' ने सुरू होणारी चौकट आहे, रेफरन्स डेझिग्नेटरवरून, म्हणजे आर ७सारख्या नावावरून, नातं पुन्हा जोडणारी. तिच्यावर खूण करा. 'डिलीट फूटप्रिंट्स विथ नो सिंबॉल्स'वरची खूण काढा. या दोन चौकटी मी आता दरवेळी बोट ठेवून बघतो, मागच्या वेळी काय ठेवलं होतं यावर विश्वास ठेवत नाही. मग लगेच 'अपडेट पीसीबी' दाबू नका. खाली काय काय बदलणार याची यादी येते, आणि निम्मी मंडळी ती वाचतच नाहीत. आत्ता तुम्हाला तिथे 'असोसिएशन अपडेट' अशा अर्थाच्या ओळी हव्यात, प्रत्येक भागामागे एक. 'अ‍ॅड' ने सुरू होणारी ओळ नको. दिसलीच, तर त्या भागाचं नाव कुठेतरी चुकलंय. तो नंबर स्कीमॅटिकमध्ये दुरुस्त करा आणि डायलॉग पुन्हा उघडा.

यादी स्वच्छ दिसली की अपडेट करा. मग लगेच दुसऱ्यांदा एफ-८, या वेळी री-लिंकची खूण काढून. आता किकॅड पुन्हा पत्त्यांवरून जुळवणार आहे, आणि पत्ते नुकतेच नवे लिहून झालेत, म्हणून यादीत बदलाची एकही ओळ उरायला नको. दुसरी यादी रिकामी आली की काम झालं. माझा भरवसा याच रिकाम्या यादीवर आहे, पहिल्या खेपेच्या 'यशस्वी'वर नाही.

री-लिंकची ती खूण कायमची ठेवू नका. ठेवली आणि मधेच कधी अ‍ॅनोटेटने सगळे नंबर नव्याने घातले, तर काय होतं बघा. पत्ते अगदी बरोबर होते, पण तुम्ही किकॅडला पत्ते विसरून नावावर चाल म्हणून सांगितलंय. मग जुना आर ७ जिथे बसलाय तिथे नव्या आर ७चं मूल्य आणि नेट, म्हणजे जोडणी, चिकटतं. बहुतेक ठिकाणी रॅट्सनेस्ट आडवीतिडवी होते, डीआरसी ओरडतो, आपण जागे होतो. पण कपॅसिटर ओरडत नाहीत. ३.३ व्होल्ट आणि ग्राउंड यांच्यामध्ये बसलेले दोन ०८०५ आकाराचे कपॅसिटर, एक १०० नॅनोचा आणि एक १० मायक्रोचा, यांची अदलाबदल झाली तर दोन्हीकडे नेट तीच, पॅड तेच. डीआरसी शांत. १० मायक्रोचा रेग्युलेटर सोडून कुठल्यातरी कोपऱ्यात जाऊन बसतो आणि तुम्हाला पत्ता नाही.

म्हणून माझा एकच दंडक: पत्ता बदलणारं काम आणि नाव बदलणारं काम एकाच दमात करायचं नाही. शीट वाटायची आहेत? वाटा, नंबर तेच ठेवा, री-लिंकने एफ-८, दुसऱ्यांदा रिकामी यादी, सेव्ह. मग नंबर बदलायचे आहेत? बदला, री-लिंक काढून साधा एफ-८. पत्ते शाबूत असल्यामुळे फक्त नावं बदलतात, भाग हलत नाहीत. माझ्या १.६ व्होल्टच्या कहाणीत हा साधा एफ-८ दाबला असता, तर सिल्कस्क्रीनवरचे नंबर मुकाट बदलले असते आणि एक दिवस वाचला असता.

दोन्ही एकदम करून बसला असाल, म्हणजे पत्तेही गेले आणि नावंही, तर हाताने जुळवत बसण्यापेक्षा बॅकअपमधलं वाटण्यापूर्वीचं स्कीमॅटिक काढा आणि वाटणी पुन्हा करा. अर्धा तास जाईल. साठ भाग डोळ्यांनी ओळखायला रात्र जाते, आणि तरी एखादा चुकतोच.

कट-पेस्ट करताना साध्या पेस्टऐवजी 'पेस्ट स्पेशल' वापरा. त्यात नंबर आहेत तसेच ठेवायचा पर्याय असतो. साधी पेस्ट कधी नंबर बदलून टाकते, आणि तो बदल डोळ्यांत भरत नाही.

उलट्या दिशेचं काम करणाऱ्यांसाठी एक इशारा. बोर्डावर भाग डावीकडून उजवीकडे ओळीने नंबरात हवेत म्हणून 'जिऑग्राफिकल रीअ‍ॅनोटेट' वापरतात. छान सोय आहे, सोल्डर करणाऱ्याला भाग पटकन सापडतो. पण तो बदल बोर्डाच्या बाजूला झालेला असतो. त्यानंतर बोर्ड एडिटरच्या टूल्स मेनूतून 'अपडेट स्कीमॅटिक फ्रॉम पीसीबी' करायचं असतं. सवयीने एफ-८ दाबलात तर स्कीमॅटिकमधले जुने नंबर परत बोर्डावर येतात आणि सगळी मेहनत पुसली जाते. नुकसान काही नाही, चिडचिड मात्र भरपूर.

एफ-८ दाबला आणि स्क्रू होल गायब, लोगो गायब, अशी तक्रारही ऐकू येते. ते बोर्डावर थेट टाकलेले असतात, स्कीमॅटिकमध्ये त्यांचा सिंबॉलच नसतो, मग डिलीटची खूण त्यांना सोडत नाही. फूटप्रिंटच्या प्रॉपर्टीजमध्ये 'नॉट इन स्कीमॅटिक' अशी चौकट आहे, तिच्यावर खूण केली की ते सुरक्षित. स्क्रू होलसाठी मी मात्र स्कीमॅटिकमध्ये सिंबॉलच टाकतो. होल ग्राउंडला जोडायचं की नाही हा निर्णय कागदावर दिसलेला बरा.

एफ-८ला काही घडतच नाही आणि 'स्टँड-अलोन'बद्दल संदेश येतो, तर तुम्ही बोर्डाची फाइल फोल्डरमधून डबल-क्लिक करून उघडली आहे. प्रोजेक्ट मॅनेजरमधून उघडा. तसंच प्रोजेक्ट, स्कीमॅटिक आणि बोर्ड या तिघांच्या फाइलचं मूळ नाव एकच लागतं. 'फायनल', 'फायनल २', 'खरं फायनल' अशी फक्त बोर्डाची नावं बदलत राहिलात तर ती नाळ तुटते. प्रत हवी तर प्रोजेक्ट मॅनेजरमधूनच 'सेव्ह अ‍ॅज' करा.

ट्रान्झिस्टरचं दुखणं वेगळं आहे, पण लोक ते इथेच मोजतात. बीसी ५४७ आणि २ एन ३९०४, दोन्ही एनपीएन, दोन्ही टीओ-९२ आकाराचे. पहिल्याचे पाय कलेक्टर-बेस-एमिटर, दुसऱ्याचे एमिटर-बेस-कलेक्टर. किकॅड फक्त सिंबॉलचा पिन नंबर आणि फूटप्रिंटचा पॅड नंबर जुळवतं. दुकानदाराने एकाऐवजी दुसरा दिला तर कुठलीही तपासणी ते पकडणार नाही. डेटाशीट उघडा, दुसरा मार्ग नाही.

आणि माझ्या 'डीआरसीत शून्य चुका' याचं काय? डीआरसी बोर्डाला स्वतःशीच ताडून बघतो. माझा बोर्ड स्वतःशी अगदी प्रामाणिक होता, स्कीमॅटिकशी नव्हता. डीआरसीच्या डायलॉगमध्ये 'टेस्ट फॉर पॅरिटी' ने सुरू होणारी एक चौकट असते, बोर्ड आणि स्कीमॅटिक यांची बरोबरी तपासणारी. ती चालू असली की गहाळ फूटप्रिंट, जादा फूटप्रिंट, एकाच नावाचे दोन, पॅडची नेट स्कीमॅटिकशी न जुळणारी, हे सगळं वेगळ्या यादीत येतं. गर्बर काढण्याआधी ही तपासणी आणि एकदा एफ-८ची रिकामी यादी, एवढं झाल्याशिवाय मी आता ऑर्डर टाकत नाही. गिट, म्हणजे फाइलच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन, वापरणाऱ्यांना आवृत्ती ८पासून किकॅड-सीएलआयमधून हीच डीआरसी पॅरिटीसकट कमांडवरून चालवता येते. चूक सापडली तर कमांड अपयशी ठरवायचाही पर्याय आहे, त्यामुळे कमिटच, म्हणजे ती आवृत्ती नोंदवणंच, अडवता येतं.

त्या मुलाचं काय झालं? सुदैवाने सेव्ह केलं नव्हतं. कंट्रोल-झेड, री-लिंक, डिलीट बंद. यादीत त्रेपन्न ओळी असोसिएशनच्या आणि एक 'अ‍ॅड': सी १४. स्कीमॅटिकमध्ये सी १४ होता, बोर्डावर नव्हता. बोर्डावर त्याच जागी, क्रिस्टलच्या बाजूला, सी १२ बसला होता. पेस्ट करताना एका कपॅसिटरचा नंबर बदलला होता. त्याने स्कीमॅटिकमध्ये तो पुन्हा सी १२ केला, डायलॉग परत उघडला. चौपन्न ओळी, 'अ‍ॅड' एकही नाही. दुसरी यादी रिकामी. सव्वाबाराला मेसेज आला: "दादा, जमलं. आता नंबर नीट लावू का सगळे?"

"आधी सेव्ह कर," म्हटलं.